नाकतोड्याच्या अंड्यातून निघणारी गांधीलमाशी: एका जातीची ओळख कशी पटते

कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी आणि आजरा या तालुक्यांत भात पोटरीत येऊ लागले की बांधावरच्या गवतात नाकतोडे डोळ्यांत भरू लागतात. भातावर येणाऱ्या नाकतोड्यांपैकी हायरोग्लिफस बॅनियन ही हिरवट-पिवळी, मानेवर काळ्या आडव्या रेषा असलेली जाती वर्षाला एकच पिढी पूर्ण करते. पावसाळा सरता सरता मादी बांधाच्या मातीत अंडी घालते. ही अंडी हिवाळा आणि उन्हाळा मातीतच काढतात आणि पुढच्या मोसमी पावसाने माती ओली झाली की पिल्ले वर येतात. म्हणजे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ हा नाकतोडा आपल्याला दिसतच नाही, कारण तो अंड्याच्या रूपात जमिनीखाली असतो. त्या काळात त्याला हुडकून काढणारा एक शत्रू मात्र आहे. लांबीने साळीच्या दाण्याच्या निम्म्याएवढी भरणारी ही गांधीलमाशी काळसर रंगाची असते आणि बांधावर रोज राबणाऱ्या माणसाच्याही सहसा नजरेस पडत नाही.

या गांधीलमाश्या हायमेनॉप्टेरा गणातील स्केलिओनिडी कुलात मोडतात. त्यांच्या ज्या वंशाने नाकतोडे आणि टोळ यांच्या अंड्यांवरच उपजीविका करण्याचे वळण घेतले, त्याला स्केलिओ म्हणतात. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १८०५ मध्ये हा वंश प्रस्थापित केला आणि आजवर त्यात दोनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. या वंशाच्या ज्या ज्या जातींचा यजमान, म्हणजे ज्याच्या अंड्यात त्या वाढतात तो कीटक, ठाऊक आहे, त्या साऱ्या आखूड शृंगिकांच्या (मिशांच्या) नाकतोड्यांच्या अंड्यांतूनच निघालेल्या आहेत. उसावर ट्रायकोकार्ड लावणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांना अंड्यांवर जगणारे परोपजीवी कीटक नवे नाहीत. पण त्या कार्डातून निघणारी ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशी पानावरची उघडी अंडी शोधते, तर स्केलिओला यजमानाची अंडी शोधण्यासाठी मातीत उतरावे लागते.

ती कशी उतरते, हे समजण्यासाठी आधी नाकतोड्याची अंडी कशी असतात ते पाहायला हवे. मादी उदराचे टोक जमिनीत खुपसते, उदराचे खंड ताणून त्याची लांबी नेहमीपेक्षा कितीतरी वाढवते आणि त्या भोकाच्या तळापासून अंडी एकावर एक रचत वर येते. अंड्यांभोवती आणि त्यांच्या वर ती फेसाळ स्राव सोडते. तो वाळला की वरच्या बाजूला एक हलके, सच्छिद्र बूच तयार होते. मातीचे कण चिकटलेली ही अंड्यांची कुपी कुदळीने बांध फोडताना हाती येते, पण ढेकळासारखीच दिसत असल्याने बहुधा फेकली जाते. एका कुपीत जातीनुसार दहा-बारापासून शंभराहूनही अधिक अंडी असू शकतात.

स्केलिओची मादी जमिनीवरून चालताना शृंगिकांची टोके मातीवर सतत आपटत असते. या टोकांवर गंध आणि चव ओळखणारी इंद्रिये दाटीने असतात. कुपीचा माग लागला की ती थांबते, त्याच जागी घुटमळते आणि मग जबड्यांनी फेसाचे बूच कोरत आत शिरू लागते. काही जातींच्या माद्या पूर्ण आत जातात, तर काही थोडा बोगदा करून उरलेले अंतर अंडी घालण्याच्या नळीने पार करतात. या नळीची रचना विलक्षण आहे. ती एकात एक सरकणाऱ्या भागांची असून एरवी उदरात दडलेली असते, आणि उदरातील द्रवाचा दाब वाढवून मादी ती बाहेर ढकलते. नाकतोड्याच्या एका अंड्यात ती स्वतःचे एकच अंडे घालते आणि मग शेजारच्या अंड्याकडे वळते. बुचाजवळची वरची अंडी सहज हाती लागतात, तळाची बरेचदा वाचतात. म्हणून एकाच कुपीतून काही गांधीलमाश्या आणि काही नाकतोड्याची पिल्ले असे दोन्ही बाहेर येणे अगदी स्वाभाविक आहे.

आत वाढणारी अळी अंड्यातील सारा बलक संपवते, तिथेच कोषात जाते आणि प्रौढ झाल्यावर कवच कुरतडून, माती उकरत वर येते. काही जातींत अळी प्रतिकूल ऋतूभर त्या अंड्यातच वाढ थांबवून राहते. वर्षाला एकच पिढी देणाऱ्या यजमानाशी वेळ जुळवण्याचा तो एक मार्ग आहे. या कुलात नर बहुधा आधी बाहेर पडतात आणि माद्यांची वाट पाहत तिथेच थांबतात. फलन न झालेल्या अंड्यातून नर आणि फलन झालेल्या अंड्यातून मादी निपजते, हा हायमेनॉप्टेरा गणाचा नियम इथेही लागू आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. अशी एखादी गांधीलमाशी हाती लागली, तर ती कोणत्या जातीची आहे हे कसे ठरवायचे, आणि ती विज्ञानाला नवी असेल तर तसे कशाच्या आधारे म्हणायचे?

नमुने मिळवण्याचे सोपे मार्ग पुष्कळ आहेत. पाणी आणि साबणाचे थेंब घातलेली पिवळी पसरट भांडी बांधावर ठेवली, गवतावरून कापडी जाळी फिरवली किंवा तंबूसारखा मॅलेज सापळा उभारला, तर स्केलिओ त्यात सापडतात. परंतु माझ्या मते सापळ्यात सापडलेला नमुना हा अर्धाच नमुना असतो. तो कोणाच्या अंड्यातून आला, त्याचा जोडीदार कोणता, तो त्याच बांधावर वाढला की वाऱ्याबरोबर पलीकडच्या माळावरून आला, यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही. ही उरलेली अर्धी माहिती फक्त मातीतल्या कुपीकडे असते. म्हणून कुप्या खणून आणाव्यात, प्रत्येक कुपी स्वतंत्र बाटलीत किंचित ओलसर वाळूवर ठेवावी, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे आणि रोज पाहत राहावे. माती फार ओली राहिली तर बुरशी चढते, फार कोरडी पडली तर अंडी सुकतात. हा तोल सांभाळणे हेच या कामातले सर्वांत चिकाटीचे काम आहे.

कुपीतून निघणारे सगळेच गांधीलमाशी नसते, हेही ध्यानात ठेवायला हवे. ब्लिस्टर बीटल गटातील अनेक भुंगेऱ्यांच्या आणि बी-फ्लाय गटातील काही माश्यांच्या अळ्या नाकतोड्याची अंडी खातात. मात्र त्या एकामागून एक अंडी फस्त करणाऱ्या परभक्षी अळ्या आहेत आणि त्यांच्यामागे फाटक्या कवचांचा चुरा उरतो. स्केलिओने ग्रासलेले अंडे शेवटपर्यंत आकार टिकवून असते. आतला कीटक तयार झाला की पातळ कवचातून त्याचा काळा रंग जाणवू लागतो आणि तो निघून गेल्यावर एका टोकाला कुरतडलेल्या काठाचे भोक दिसते. नाकतोड्याचे पिल्लू बाहेर पडते तेव्हा कवच चिरल्यासारखे फाटते. हा फरक साध्या भिंगाखाली दिसतो, त्यामुळे रिकामी कवचेसुद्धा जपून ठेवावीत.

बाहेर आलेली गांधीलमाशी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि मग कागदी त्रिकोणाच्या टोकावर चिकटवून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्केलिओनिडी कुलाची खूण पटवणे तुलनेने सोपे आहे: शृंगिका चेहऱ्याच्या अगदी खालच्या भागातून, तोंडालगत निघतात आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात, तर उदराच्या दोन्ही कडा धारदार असतात. स्केलिओ वंशात मादीच्या शृंगिकेला बारा खंड असतात आणि टोकाचे खंड जाडसर होऊन गदेसारखे दिसतात; नराच्या शृंगिकेला दहाच खंड असतात आणि टोकाशी अशी गदा नसते. डोके आणि वक्ष खडबडीत, खाचखळग्यांचे असतात आणि उदरावर बहुधा उभ्या समांतर रेघा असतात.

इथून पुढे, म्हणजे वंशाकडून जातीकडे जाताना, खरी कसोटी लागते. डोक्याच्या माथ्यावरच्या साध्या डोळ्यांपैकी, म्हणजे नेत्रकांपैकी, मागच्या दोन पार्श्वनेत्रकांमधील अंतर आणि नेत्रक ते संयुक्त नेत्र हे अंतर यांचे गुणोत्तर, चेहऱ्यावरच्या रेघांची दिशा, मादीच्या शृंगिकेतील प्रत्येक खंडाची लांबी-रुंदी, पुढच्या पंखातील शिरांची ठेवण, उदराच्या प्रत्येक खंडावरील कोरीवपणा अशी लक्षणे एकेक करून मोजावी लागतात. रंगावर फार विसंबू नये, कारण नुकत्याच बाहेर आलेल्या कीटकाचे पाय फिके असतात आणि अल्कोहोलमध्ये राहिलेल्या नमुन्यांचा रंग पालटतो. आकारही फसवतो. एका अंड्यातील बलक हेच त्या जिवाचे एकमेव अन्न असल्याने लहान अंड्यातून लहान गांधीलमाशी निघते आणि लहान नमुन्यांत पृष्ठभागावरचे कोरीवकामही पुष्कळदा पुसट होते. सापळ्यातील एक मोठा आणि एक लहान नमुना शेजारी ठेवला तर कुणालाही त्या दोन जाती वाटतील. एकाच यजमानाच्या कुप्यांमधून निघालेल्या भावंडांची रांग समोर असेल तर एका जातीत किती फरक असू शकतो हे आपोआप दिसते. नर आणि मादी यांची जोडी लावण्याचा प्रश्नही एकाच कुपीतून दोन्ही निघाले की सुटतो. म्हणूनच कुपीतून वाढवलेल्या नमुन्यांना मी इतके महत्त्व देतो.

या शिस्तीच्या अभावी काय होते, ते जुन्या ग्रंथांत पाहायला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२५ पर्यंत लिहिणारे जे. जे. कीफर आणि ऑस्ट्रेलियात काम करणारे ए. ए. गिरो यांनी सूक्ष्म गांधीलमाश्यांच्या प्रचंड संख्येने जाती नोंदवल्या. त्यांच्या कष्टांबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते की त्यांतील अनेक वर्णने मोजक्या ओळींची आहेत आणि रंगावर भर देणारी आहेत. ती वाचून आज नमुना ओळखता येत नाही. मूळ नमुनाच शोधून पाहावा लागतो.

मूळ नमुना म्हणजे होलोटाइप. नव्या जातीचे नाव ज्या एका नमुन्याशी कायमचे बांधले जाते, तो हा नमुना. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक नव्या जातीसाठी असा नमुना स्पष्टपणे निवडून तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल हे लिहावे लागते. भारतात १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संग्रह आहेत, तिचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र पुण्यात आहे आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोमध्येही असे नमुने जपले जातात. वर्णनात त्या नमुन्याची सारी मापे, छायाचित्रे आणि जवळच्या जातींपासूनचे नेमके वेगळेपण द्यावे लागते. अलीकडे माइटोकॉन्ड्रियातील एका जनुकाचा डीएनएच्या सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तोही जोडतात. दिसायला सारख्या पण मुळात वेगळ्या जाती त्यामुळे उघड होतात; मात्र या तुकड्याने मापांची जागा घेऊ नये, कारण बांधाजवळच्या महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक असतो, जनुक वाचणारे यंत्र नसते.

स्केलिओच्याच कुलातील, दक्षिण भारतातल्या स्केलिओसेर्डो व्हायाट्रिक्स या जातीचा इथे मुद्दाम उल्लेख करतो. कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स ब्रूझ यांनी १९१७ मध्ये वर्णिलेल्या या जातीची मादी अंडी शोधत फिरत नाही. ती बिनपंखी नाकतोड्याच्या अंगाला चिकटून राहते आणि तो जिथे अंडी घालेल तिथे त्याच्यासोबत पोहोचते. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणारा बिनपंखी नाकतोडा आहे आणि आपल्या जिल्ह्याची पूर्व बाजू त्याच पठारात मोडते. त्यामुळे कोल्हापुरात शोध घेणाऱ्याने केवळ मातीत न पाहता प्रौढ नाकतोड्यांच्या पंखांच्या बुडाशी आणि उदराच्या सांध्यांतही भिंग लावून पाहावे.

नेमकी ओळख शेतीच्या उपयोगी कशी पडते, याचे उत्तम उदाहरण उसाच्याच पिकातले आहे. हवाई बेटांवर ऑक्झिया नावाचा नाकतोडा उसाला उपद्रव देत होता. १९३० च्या सुमारास कीटकशास्त्रज्ञ सी. ई. पेम्बर्टन यांनी मलायातून (आजच्या मलेशियातून) त्याच्या अंड्यांवरच्या स्केलिओ गांधीलमाश्या आणून तिथे सोडल्या. १९३२ मध्ये कीटकशास्त्रज्ञ टिंबरलेक यांनी त्यांचे वर्णन केले. एकीला पेम्बर्टन यांच्यावरून स्केलिओ पेम्बर्टोनी हे नाव मिळाले, तर दुसरीला मलायातील सेर्दांग गावावरून स्केलिओ सेर्दांगेन्सिस. पेम्बर्टोनी हवाईत स्थिरावली आणि नाकतोड्यांचा जोर ओसरण्यास तिचा हातभार लागला. ऑक्झियाच्या जाती आपल्या भातखाचरांतही आहेत. आपल्याकडे २००२ मध्ये सांगली परिसरातून उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस ही मित्रकीटकांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी झाली. नाकतोड्याच्या अंड्यांवरील गांधीलमाशीची ओळख मात्र तेवढी झालेली नाही.

याचा थेट संबंध उन्हाळी मशागतीशी आहे. बांध तासून नाकतोड्याची अंडी उघडी पाडावीत, म्हणजे ती उन्हाने आणि पाखरांनी नष्ट होतात, ही शिफारस जुनी आहे आणि योग्यही आहे. पण त्याच कुप्यांमध्ये गांधीलमाशीच्या अळ्या थांबलेल्या असतील, तर त्याही मरतात. तासताना सापडलेल्या कुप्यांपैकी काही गोळा करून, ओलसर वाळू घातलेल्या मडक्यात ठेवून, त्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवून ते मडके बांधावरच सावलीत ठेवता येईल. गांधीलमाश्या जाळीतून बाहेर जाव्यात आणि नाकतोड्याची पिल्ले आत अडकावीत, एवढीच त्यामागची कल्पना आहे. त्या जाळीचे छिद्र किती मिलिमीटरचे असावे, हे आपल्या बांधावरच्या जातीच्या वक्षाची रुंदी आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या डोक्याची रुंदी या दोन मापांवरून ठरेल. त्यांपैकी पहिले माप जातीच्या वर्णनातून मिळते आणि दुसरे त्याच बाटल्यांतून निघालेल्या पिल्लांवर घेता येते.