हातोड्याचा घाव आणि ०.०८ मिलिमीटरचे टोक

महागड्या मनगटी घड्याळांच्या जाहिरातींत एक जोडचित्र हमखास आढळते. एका बाजूला खडकाची कपार घट्ट धरलेला धुळकट हात, दुसऱ्या बाजूला कोटाच्या बाहीतून डोकावणारा पांढराशुभ्र कफ, आणि दोन्ही मनगटांवर एकच घड्याळ. हे चित्र पाहणाऱ्यांत दोन तट पडतात. एवढी किंमत मोजल्यावर घड्याळ कशालाही पुरून उरणारच, असे काहींना वाटते. तर असले घड्याळ म्हणजे दागिना, तो कपाटात ठेवावा आणि समारंभापुरता बाहेर काढावा, असे इतरांचे मत असते. दणकट वस्तू जाड व बोजड असणार आणि देखणी वस्तू नाजूक असणार, हे गृहीतक मात्र दोघांचेही सारखेच. यांत्रिक घड्याळाच्या बाबतीत ते निम्मेच खरे आहे, आणि उरलेले निम्मे ज्यामुळे खोटे ठरते ती वस्तू जेमतेम दोन मिलिमीटरची एक स्प्रिंग आहे.

पेच तसा जुना आहे. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटते, अशी तक्रार भारतातील ब्रिटिश लष्करी अधिकारी करीत असत. त्यावर तोडगा म्हणून रेने-आल्फ्रेड शोव्हो यांनी १९३१ साली पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि त्यातून ‘रिव्हर्सो’ हे घड्याळ जन्माला आले. त्याची आयताकृती केस, म्हणजे यंत्रणा ठेवलेली बाहेरची पेटी, चौकटीतल्या चौकटीत उलटी फिरवता येत असे: खेळताना धातूची पाठ वर, मेजवानीला डायल वर. युक्ती सुरेख होती. पण घड्याळ एका वेळी एकच भूमिका करू शकते, हे तिने मान्यच केले होते. पुढे १९७२ साली जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले ओडेमार्स पिगे कंपनीचे ‘रॉयल ओक’ आले. अष्टकोनी कडा, उघड दिसणारे आठ स्क्रू, सोन्याऐवजी पोलाद आणि आत अवघी ३.०५ मिलिमीटर जाडीची स्वयंचलित यंत्रणा, असा त्याचा थाट होता. १९७६ साली त्याच जेंटांचे ‘नॉटिलस’ १२० मीटरची जलरोधकता घेऊन पाठोपाठ आले. एकच घड्याळ सगळीकडे चालावे, ही अपेक्षा महागड्या घड्याळांच्या जगात रुजली ती यानंतर.

बाहेरच्या कवचाचे विज्ञान थोडक्यात सांगता येते. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोहस श्रेणीत क्वार्ट्झची कठिणता ७ आहे. साध्या काचेची कठिणता त्याहून कमी असल्यामुळे ती बाहीने पुसतानासुद्धा तिच्यावर ओरखडे उठतात. कृत्रिम नीलमण्याच्या काचेची कठिणता ९ असल्यामुळे धुळीचे तिच्यापुढे काही चालत नाही. अर्थात कठीण पदार्थ चिवट असतोच असे नाही, आणि दगडाच्या धारेवर आपटल्यास नीलमण्याच्या काचेचाही टवका उडतो. केसचे पोलाद बहुधा ३१६एल जातीचे असते. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो, खरवडला गेल्यास तो आपोआप पुन्हा बनतो, आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे घामातल्या व समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडपुढे तो टिकाव धरतो.

पोलादावर ओरखडे मात्र पडतातच, आणि येथे रूपाचा प्रश्न खरे तर प्रकाशशास्त्राचा होतो. एकाच दिशेने घासलेल्या पृष्ठभागावर आधीच असंख्य बारीक रेषा असतात. त्या प्रकाश विखुरतात आणि नव्या ओरखड्याला आपल्यात सामावून घेतात. आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परतवतो, त्यामुळे त्यावर एक ओरखडा पडला तरी नजर तेथेच अडते. म्हणून जाणते कारागीर मोठे पृष्ठभाग घासलेले ठेवतात आणि दोन पृष्ठभागांमधील चिंचोळी कड तेवढी चकचकीत करतात. दिव्यांच्या प्रकाशात चमकायला ती कड पुरते. दणकट म्हणवणारे घड्याळ सर्वांगाने चकचकीत असेल, तर त्याच्या आरेखकाला आपले घड्याळ कोणी खरोखर वापरील असे वाटत नसावे.

पाण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो जाणकार म्हणवणारे लोकच पसरवतात. घड्याळावरील ‘१०० मीटर’ या आकड्याचा अर्थ १०० मीटर खोलीच्या स्थिर पाण्याइतका, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे १० पट दाब सोसण्याची क्षमता, असा आहे. पोहताना हात जोराने मारला की दाब अनेक पटींनी वाढतो, म्हणून १०० मीटरचे घड्याळ हात धुण्यापुरतेच समजावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करून पाहावा. गतीमुळे येणारा जादा दाब म्हणजे पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. हाताचा वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे बऱ्यापैकी जलद, धरला तरी उत्तर १२,५०० पास्कल येते; हा दाब सव्वा मीटर खोलीच्या पाण्याइतका आहे. पाणी आत शिरते ते चावी नीट न दाबल्यामुळे, सांध्यांतून पाणी अडवणारी रबराची कडी, म्हणजे गॅस्केट, वय होऊन कडक पडल्यामुळे, किंवा गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात गेल्याने धातू व रबर कमी-जास्त आकुंचन पावल्यामुळे. गॅस्केट वेळेवर बदलून दाबाची चाचणी करून घेतली, तर १०० मीटरचे घड्याळ घालून खुशाल पोहावे.

आता मूळ विषय, म्हणजे धक्का. यांत्रिक घड्याळाचे हृदय म्हणजे बॅलन्स व्हील, केसाएवढ्या बारीक, वेढे दिलेल्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोरावर पुढेमागे झुलणारे चाक. आजच्या बहुतेक घड्याळांत ते तासाला २८,८०० म्हणजे सेकंदाला ८ झोके घेते. या चाकाचा आस दोन्ही टोकांना निमुळता होत जातो आणि शेवटी त्याची जाडी ०.०८ मिलिमीटरच्या आसपास उरते. ही टोके, घड्याळजींच्या भाषेत पिव्हट, कृत्रिम माणकाच्या छिद्रात फिरतात आणि त्यांच्या माथ्यावर बिनछिद्राचे दुसरे माणिक टेकलेले असते.

टोके इतकी बारीक कशासाठी? घड्याळ उभे धरले की चाकाचे वजन टोकांच्या कडांवर येते, आणि तेथील घर्षणाचा विरोध टोकाच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. टोक दुप्पट जाड केले तर चाकाला थोपवणारे घर्षण दुप्पट होते, झोका आखडतो आणि घड्याळ निरनिराळ्या स्थितींत निरनिराळी वेळ दाखवू लागते. उलट वाकवणाऱ्या बलापुढे टिकण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे टोक निम्मे बारीक केल्यावर घर्षण निम्मे होते, पण ताकद आठव्या हिश्शावर येते. वेळेचा काटेकोरपणा हवा असेल तर हा तोट्याचा सौदा पत्करावाच लागतो.

या टोकावर धक्क्याच्या वेळी काय गुदरते, ते आकड्यांत पाहू. आयएसओ १४१३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार घड्याळ एक मीटर उंचीवरून कठीण लाकडी जमिनीवर पडल्याइतका आघात त्याने सोसला पाहिजे. प्रत्यक्षात चाचणी लंबकासारख्या झुलणाऱ्या ३ किलोच्या हातोड्याने घेतात. त्याचा वेग सेकंदाला ४.४३ मीटर असतो, जो एक मीटर पडलेल्या वस्तूचा वेग आहे. एक घाव नऊच्या आकड्याच्या बाजूने, दुसरा थेट काचेवर. त्यानंतर घड्याळाच्या चालीत दिवसाला ६० सेकंदांहून अधिक फरक पडता कामा नये. समजा, पडणारे घड्याळ ०.२ मिलिमीटर अंतरात थांबले. वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागले की मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ५,००० पट येते. बॅलन्स व्हीलचे वस्तुमान ५० मिलिग्रॅम धरले, तर त्या क्षणी ते पाव किलोच्या वजनाइतका रेटा देते. हा रेटा ०.०८ मिलिमीटर व्यासाच्या टोकावर आला, तर तेथील दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ ५,००० पट होतो. शंभर मीटर खोलीवरचा दाब १० पट होता, हे येथे आठवावे. शिवाय बाजूने बसलेल्या धक्क्यात टोक नुसते दाबले जात नाही, वाकते; ते त्याहून वाईट. धक्कारोधक रचना नसलेल्या जुन्या घड्याळांत आसाचे टोक मोडणे ही नित्याची दुरुस्ती होती, ती याच कारणाने.

अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १७९० च्या सुमारास यावर पहिला उपाय योजला: टोकाला आधार देणारे माणिक त्यांनी एका लवचिक पट्टीवर बसवले. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ‘इन्काब्लॉक’ ही रचना आली आणि आजच्या बहुतेक धक्कारोधक रचना त्याच तत्त्वावर चालतात. छिद्राचे आणि बिनछिद्राचे अशी दोन्ही माणके एका इवल्याशा वाटीत बसवलेली असतात. ही वाटी शंकूच्या आकाराच्या खोबणीत नुसती ठेवलेली असते, घट्ट रोवलेली नसते. तिला वरून लायर या ग्रीक तंतुवाद्याच्या आकाराची स्प्रिंग हलकेच दाबून धरते.

ही स्प्रिंग वाहनाच्या शॉकॲब्सॉर्बरप्रमाणे धक्का शोषून घेते, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. एवढ्याशा स्प्रिंगमध्ये धक्का पचवण्याइतकी ताकद नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. तिचे काम बाजूला सरण्याचे आहे. धक्का बसताच आस माणकांना रेटतो, स्प्रिंग लवते, वाटी खोबणीच्या उतारावर किंचित वर सरकते आणि टोक मिलिमीटरच्या काही शतांशांइतके मागे हटते. तेवढ्यात आसाचा त्याच्या खालचा जाड भाग खोबणी असलेल्या ठोकळ्याच्या पक्क्या भिंतीला जाऊन टेकतो, आणि सगळा मार तो जाड भाग खातो. घाव संपला की स्प्रिंग वाटीला पुन्हा खाली दाबते आणि शंकूचा उतार तिला बरोबर मध्यावर आणून सोडतो, वाडग्याच्या कडेला ढकललेली गोटी तळाशी परत यावी तसा. मला या सगळ्यात आश्चर्य वाटते ते या परतीचे. बाजूला सरणे कोणालाही जमेल. घर्षण असताना, दोनशेव्या धक्क्यानंतरही काही मायक्रॉनच्या आत मूळ जागी परतणे अवघड आहे. उतार फार उथळ ठेवला तर वाटी मध्यावर येण्याआधीच अडते. फार तीव्र ठेवला तर ती बाजूला सरतच नाही.

एवढ्या संरक्षणासाठी मिलिमीटरच्या काही शतांशांची मोकळी जागा पुरते, आणि कफखाली सहज सरकणारे सडपातळ घड्याळ हातोड्याचा घाव सोसू शकते ते यामुळेच. जाडी अन्यत्र मात्र लागते. स्वयंचलित घड्याळात मनगटाच्या हालचालीने फिरणारा रोटर मुद्दाम जड ठेवलेला असतो. पातळ यंत्रणेत धक्क्याने तो वाकून खालच्या पुलांवर, म्हणजे चाकांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, घासण्याची भीती असते. रॉयल ओकच्या ३.०५ मिलिमीटरच्या यंत्रणेत म्हणूनच रोटरची बाहेरची कड माणकाच्या चार चाकांवर, बेरिलियम-तांब्याच्या गोल रुळावरून धावते. त्याहून पातळ यंत्रणांत ही सोयही अवघड होते, आणि दोन मिलिमीटरच्या यंत्रणेच्या घड्याळाला कोणी ‘साहसी’ म्हणत असेल तर ती जाहिरात समजावी.

आणखी एक शत्रू आहे, आणि तो बहुधा आपण होऊन मनगटावर चढवलेला असतो. रक्तदाब किंवा सांधेदुखी बरी होते अशा समजुतीने लोक चुंबकीय कडी घालतात. रक्तातील लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेले असते. ते खिळ्याप्रमाणे चुंबकाकडे ओढले जात नाही, आणि ऑक्सिजनयुक्त रक्त तर चुंबकापासून अत्यंत क्षीण बलाने दूरच सारले जाते. कड्याचा परिणाम होतो तो शेजारच्या घड्याळावर. आयएसओ ७६४ हे मानक घड्याळाने ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे सुमारे ६० गॉसचे क्षेत्र सोसावे एवढेच मागते. कड्यातील चुंबकांच्या अगदी जवळ क्षेत्र त्याहून कितीतरी प्रबळ असते. मग कमानीचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. विचुंबकन करून घेणे मिनिटाभराचे काम आहे, आणि सिलिकॉनच्या कमानीला हा त्रास मुळातच नाही.

जबर मार बसलेल्या घड्याळाचे टोक शाबूत आहे की नाही, ते घरच्या घरी बऱ्यापैकी ताडता येते. दोन-तीन रात्री घड्याळ डायल वर करून ठेवावे आणि रात्रभरात ते फोनच्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे जाते ते टिपावे. पुढच्या दोन-तीन रात्री मऊ कापडावर डायल खाली करून ठेवावे आणि तेच करावे. प्रत्येक संध्याकाळी चावी सारखीच भरलेली असावी. पहिल्या स्थितीत चाक आसाच्या एका टोकावर उभे असते, दुसऱ्या स्थितीत दुसऱ्या टोकावर. दोन्ही टोके गुळगुळीत आणि गोलसर असतील तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. ते ठळकपणे वेगळे आले, तर एखादे टोक चपटे झालेले असते, वरचे माणिक तडकलेले असते, किंवा स्प्रिंगची एखादी बाजू खोबणीतून निसटलेली असते. स्प्रिंग पुन्हा बसवणे घड्याळजीला अवघड नाही. चपटे टोक मात्र लवकर दाखवावे. घड्याळ तसेच चालू ठेवले तर टोकाची झीज होऊन निघालेला पोलादाचा चुरा दोन माणकांच्या मधल्या तेलाच्या थेंबात मिसळतो, आणि ते तेल वंगण न राहता टोकच घासू लागते.