रामेन-या

रामेन-या : रामेन हा एकच पदार्थ, किंवा मुख्यतः तोच, देणारी जपानी खानावळ. जपानीत ‘या’ म्हणजे दुकान. गव्हाच्या नूडल्स, हाडांचे किंवा सुक्या मासळीचे वाफाळते सूप आणि वर मांसाचे काप, अंडे, कांद्याची पात असा मोठ्या वाडग्यातला हा पदार्थ आहे. भारतात ‘टॉप रामेन’च्या पुड्यांमुळे नाव घरोघर पोचले. पुडीतल्या नूडल्स आणि दुकानातला वाडगा यांत मात्र नावापलीकडे फारसे साम्य नाही.

या दुकानातले शिष्टाचार नवख्याला तुटक वाटतात. आधी पैसे भरायचे, भिंतीकडे किंवा भटारखान्याकडे तोंड करून बसायचे, आवाज करत खायचे आणि संपले की उठायचे. कारण साधे आहे. वाडगा पुढे आला तरी सुपातल्या नूडल्स शिजतच राहतात. सूप पिऊन फुगतात, मऊ पडतात. जपानीत याला ‘नोबिरु’, म्हणजे लांबणे, ताणले जाणे, असा शब्द आहे. चांगल्या वाडग्याचे आयुष्य जेमतेम १० मिनिटांचे. दुकानाची मांडणी, यंत्रे, बोलणे, न बोलणे, सगळे या १० मिनिटांच्या हिशेबाने बेतलेले आहे.

इतिहास

मूळ चिनी आहे आणि जपानी लोक ते नाकारत नाहीत. १८५९ मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर तिथे चिनी वस्ती वाढली आणि तिच्याबरोबर नूडल्सही आल्या. जपानी गिऱ्हाइकासाठी काढलेले पहिले नावाजलेले दुकान म्हणजे टोकियोच्या आसाकुसा भागातले ‘राइराइकेन’ (१९१०). मालक ओझाकी कानइची हे योकोहामाच्या जकात खात्यात नोकरीला होते. त्यांनी तिथल्या चिनी वस्तीतून आचारी आणले आणि चिनी सुपात जपानी सोया सॉस घातला. पुढे ‘टोकियो पद्धतीचे’ म्हणून ओळखले गेलेले रामेन ते हेच. तेव्हा रामेन हे नाव रूढ नव्हते. पाटीवर ‘शिना सोबा’, म्हणजे चिनी सोबा (जपानी नूडल्स), असे असे. युद्धानंतर ‘शिना’ शब्दाला अपमानाचा वास येऊ लागला, म्हणून ‘चूका सोबा’ आले. जुन्या वळणाच्या दुकानांच्या पडद्यावर ही अक्षरे आजही दिसतात.

१९२३ च्या कांतो भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर हातगाडीवर रामेन विकणारे पुष्कळ झाले. ‘याताई’ म्हणतात त्या या गाड्या. रात्री गल्लीतून जाताना गाडीवाला ‘चारुमेरा’ हे आपल्या सनईच्या जातीतले छोटे वाद्य वाजवी आणि लोक वाडगे घेऊन बाहेर येत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत तांदूळ मिळेना, अमेरिकेचा गहू मात्र येत होता. तो गहू काळ्या बाजारातून नूडल्स होऊन पोटात गेला. ओसाकाच्या उमेदा स्थानकामागे थंडीत वाडग्यासाठी लागलेली रांग आन्दो मोमोफुकू यांनी पाहिली. त्यांनी २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ हे पहिले झटपट रामेन बाजारात आणले आणि ‘रामेन’ हे नाव देशभर पक्के झाले. (आन्दोंचा जन्म १९१० चा, म्हणजे राइराइकेन उघडले त्याच साली.) घरोघरी ३ मिनिटांत नूडल्स होऊ लागल्यावर दुकाने बसायला हवी होती. ती वाढली, कारण पुडीला न जमणारी गोष्ट म्हणजे सूप, आणि दुकानदारांनी सगळे कसब तिथे ओतले.

वाडग्याची घडण

मिसळीत जसा कट वेगळा, रस्सा वेगळा आणि दोघांची गाठ वाढताना पडते, तसेच इथे आहे. सूप तासन्‌तास उकळते, पण ते अळणी असते. कोल्हापुरी ताटातले अळणी ज्याने प्यायले आहे त्याला हे लगेच कळेल. मीठ आणि चव ‘तारे’मध्ये असते. तारे म्हणजे सोया सॉस, मीठ किंवा मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा) यांचे दाट, खारट मिश्रण. नावावरून मिसळीची तर्री आठवते, पण त्या साम्याला फसू नये. तारे वाडग्याच्या तळाशी असते; तर्रीचे काम करणारे, वर तरंगणारे सुगंधी तेल हा तिसराच घटक आहे. रिकाम्या वाडग्यात आधी तारे आणि तेल, त्यावर सूप, मग नूडल्स, सर्वांत शेवटी वरचे जिन्नस असा क्रम असतो. पाटीवर ‘शोयू’ (सोया सॉस), ‘शिओ’ (मीठ) किंवा ‘मिसो’ लिहिलेले असते ते तारेचे नाव. ‘तोन्कोत्सु’ मात्र सुपाचे नाव आहे, डुकराच्या हाडांचे. ही चार नावे एका यादीत टाकली जातात ती सोयीसाठी. मुळात वर्गीकरणच दोन वेगळ्या कसोट्यांचे आहे.

नूडल्सच्या पिठात ‘कान्सुई’ हे क्षारयुक्त पाणी घालतात. त्यात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट असते. आपल्याकडे पापडाच्या पिठात पापडखार घालतात त्याच जातीचा हा प्रकार. कान्सुईमुळे नूडल्सना पिवळसर रंग, किंचित उग्र वास आणि दातांना जाणवणारा लवचीकपणा येतो. हा खार नसेल तर गव्हाच्या त्या नूडल्स उदोनच्या, म्हणजे जाड, पांढऱ्या, मऊ जपानी नूडल्सच्या, वाटेने जातात. वर ‘चार्शू’ (डुकराच्या मांसाचे काप), ‘मेन्मा’ (आंबवलेले बांबूचे कोंब), मुरवलेले अर्धे-कच्चे अंडे, नोरी (वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पातळ कागदासारखा तुकडा), पात. काही जुन्या दुकानांत गुलाबी भोवरा असलेली माशाच्या लगद्याची पांढरी चकती ‘नारुतो’ही असते, तिला फारशी चव नसते, पण ती नसली की म्हातारे गिऱ्हाईक हळहळते.

दुकानात

दारात पडदा (‘नोरेन’) लटकत असेल तर दुकान उघडे. आत बहुधा ८ ते १५ बाकड्या-स्टुलांची एक लांब फळी असते आणि फळीपलीकडेच भट्ट्या. दाराशी ‘शोक्केन्की’ हे तिकीटयंत्र उभे असते. नोट सरकवायची, बटण दाबायचे, चिठ्ठी घ्यायची आणि फळीवर ठेवायची. आपल्याकडच्या ‘आधी टोकन घ्या’ पाटीचेच हे यांत्रिक रूप. पैशाला हात लावलेल्या हाताने स्वयंपाक करावा लागत नाही, गल्ल्यावर माणूस लागत नाही आणि खाऊन झाल्यावर बिलासाठी ताटकळावे लागत नाही. बटणांची भिंत पाहून गोंधळलेल्यांसाठी जपानी खवय्यांचा एक ठोकताळा आहे: डावीकडचे सर्वांत वरचे बटण दाबावे, दुकानाचा खास पदार्थ तिथेच असतो. हा ठोकताळा बहुतेक वेळा खरा ठरतो.

पाणी स्वतः ओतून घ्यायचे. चिठ्ठी घेताना आचारी कधी एखादा प्रश्न विचारतो. हाकाता (फुकुओका) पद्धतीच्या दुकानात तो नूडल्सच्या कडकपणाचा असतो: ‘याव’ म्हणजे मऊ, ‘फुत्सू’ नेहमीच्या, ‘काता’ कडक, ‘बारिकाता’ त्याहून कडक. पुढची पायरी ‘हारिगाने’, म्हणजे चक्क तार. योकोहामाच्या ‘इएकेई’ घराण्यात, ज्याची सुरुवात १९७४ च्या ‘योशिमुराया’पासून झाली, कडकपणाबरोबर तारेची तीव्रता आणि तेलाचे प्रमाणही सांगता येते, तिथे पालक आणि नोरी वर असतात आणि सोबत भात घेण्याची रीत आहे. सर्वांत अवघड परीक्षा ‘रामेन जिरो’ची. १९६८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे टोकियोत केइओ विद्यापीठाशेजारी स्थिरावलेल्या या दुकानाने विद्यार्थ्यांची पोटे डोळ्यांसमोर ठेवून कोबी-मोड आलेल्या कडधान्याचा डोंगर रचायला सुरुवात केली. वाडगा देण्याआधी आचारी विचारतो, ‘निन्निकू इरेमास का?’, म्हणजे ‘लसूण घालू का?’ याचे उत्तर हो-नाही असे नसते. भाजी, लसूण, चरबी, तारे यांपैकी काय आणि किती जास्त हवे ते एका दमात सांगायचे असते. नवखा माणूस इथे ‘हाय’, म्हणजे ‘हो’, एवढेच म्हणतो आणि रांगेतले सगळे ओळखतात.

भट्टीपाशी ‘तेबो’ या खोलगट गाळण्या उकळत्या पाण्यात उभ्या असतात. वेळ झाली की आचारी गाळणी झटकून पाणी निथळतो. या झटक्याचेही घाट आहेत, काही आचारी ते नाटकीपणे करतात. तरी त्यामागे कारण आहे: नूडल्सना चिकटून आलेले पाणी सूप पातळ करते.

मग भुरका. मराठीत कढीचा भुरका मारणाऱ्याला कोणी असभ्य म्हणत नाही, तेच इथे. भुरक्याबरोबर हवा आत जाते, नूडल्स थोड्या निवतात आणि सुपाचा वास तोंडातून नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो. चाखण्याचा अर्धा भाग तिथेच असतो. आवाज मुद्दाम काढायचा नसतो, पण दाबायचाही नसतो. उजव्या हातात काड्या, डाव्या हातात ‘रेन्गे’ हा खोलगट चिनी मातीचा चमचा. वाडगा उचलून तोंडाला लावला तरी चालते. सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलेच पाहिजे असे नाही. संपूर्ण सुपासकट एका वाडग्यात ५ ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाऊ शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादाच ५ ग्रॅमच्या आत आहे. नेहमीचे जपानी गिऱ्हाईक सूप सर्रास टाकून उठते.

उठताना वाडगा फळीच्या वरच्या कट्ट्यावर ठेवायचा, फडक्याने आपली जागा पुसायची आणि ‘गोचिसोसामा’ (जेवणाबद्दल आभार) म्हणून बाहेर पडायचे. बक्षिशीची पद्धत नाही. बाहेर रांग असताना रिकाम्या वाडग्यापुढे गप्पा मारत बसणे हा इथला सर्वांत मोठा अपराध. ज्याला बसायचे असेल, बिअर आणि ग्योझा (सारण भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या मोमोसारख्या पुऱ्या) घेऊन रमायचे असेल, त्याच्यासाठी ‘माची चूका’ म्हणजे गल्लीतली घरगुती चिनी खानावळ हे वेगळे ठिकाण आहे.

गावोगावच्या तऱ्हा

रामेनला प्रांताभिमान चिकटला तो १९५० नंतर. साप्पोरोच्या ‘आजी नो सान्पेई’ दुकानात ओमिया मोरितो यांनी मिसो घालून पाहिले आणि उत्तरेच्या थंड होक्काइदो बेटाला स्वतःचे रामेन मिळाले. दक्षिणेत क्यूशू बेटावर कुरुमे गावात १९३७ मध्ये ‘नान्किन सेन्र्यो’ ही गाडी सुरू झाली, तोन्कोत्सुची ती गंगोत्री. आधी ते सूप नितळ होते. १९४७ मध्ये दुसऱ्या एका दुकानात हाडे चुकून फार जोरात उकळली गेली आणि सूप दुधासारखे पांढरे झाले, अशी कथा सांगतात. कथा असो वा नसो, कृती खरी आहे: खळखळून उकळल्याने चरबी आणि हाडांतला चिकट अंश पाण्यात मिसळून जातो. शेजारच्या हाकाताला मासळीबाजारातल्या घाईच्या माणसांनी आणखी एक रूढी दिली, ‘काएदामा’. तिथल्या बारीक नूडल्स मिनिटाभरात शिजतात आणि तितक्याच लवकर मऊ पडतात. म्हणून वाडग्यात कमी घालायच्या आणि भूक उरली तर उरलेल्या सुपात नव्या घ्यायच्या. मिसळीवर आपण रस्सा वाढून मागतो, हाकाताकर रस्सा राखून ठेवतो आणि नूडल्स मागतो.

फुकुशिमा प्रांतातल्या किताकाता गावात लोक सकाळी ७ वाजता रामेन खातात; त्याला ‘आसारा’ म्हणतात. नूडल्स वेगळ्या, सूप वेगळे असे ‘त्सुकेमेन’ यामागिशी काझुओ (१९३४–२०१५) यांनी रूढ केले. उरलेल्या नूडल्स वाटीतल्या सुपात बुचकळून खाणारे सहकारी त्यांनी पाहिले होते. १९५५ मध्ये नाकानोच्या ‘ताइशोकेन’मध्ये तो प्रकार विकायला आला, १९६१ मध्ये त्यांनी हिगाशी-इकेबुकुरोला स्वतःचे दुकान काढले. नूडल्स सुपात पडूनच राहत नसल्यामुळे ‘नोबिरु’ची धास्ती इथे कमी, म्हणून त्या जाडजूड करता येतात.

या सगळ्या तऱ्हा एका छताखाली दाखवणारे रामेन संग्रहालय शिन-योकोहामात १९९४ मध्ये उघडले. फुकुओकात १९८५ मध्ये कावाहारा शिगेमी यांनी सुरू केलेले ‘इप्पुदो’ २००८ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि परदेशात रामेनभोवती मंद दिवे, मोठी टेबले, कॉकटेल आले. तिथे वाडग्यावर तासभर गप्पा चालतात आणि तळाच्या नूडल्सचा लगदा होतो. याउलट फुकुओकाच्याच ‘इचिरान’ने एकेका गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावलेला खण दिला, समोरचा बांबूचा पडदा वर होतो, वाडगा येतो, पडदा खाली पडतो. पाककर्त्याचा चेहराही दिसत नाही. एकट्याने जेवण्याची लाज यापेक्षा सफाईने कोणी मोडली नसेल.

शाकाहारी गिऱ्हाईक

मराठी प्रवाशाची खरी अडचण इथे येते. वर भाजीच भाजी दिसत असली तरी सुपात हाडे किंवा सुकी मासळी असते आणि तारेतही मासळीचा अर्क असू शकतो; मांसाचे काप काढून टाका म्हटल्याने वाडगा शाकाहारी होत नाही. आयत्या वेळी सूप बदलून देणे आचाऱ्याला शक्य नसते, कारण दुसरे सूप भट्टीवर नसतेच. त्यामुळे मुळात वनस्पतिजन्य सूप करणारे दुकान शोधावे लागते. टोकियो स्थानकाच्या आवारातले ‘टीज तान्तान’ पूर्ण वनस्पतिजन्य आहे, आणि युझू या लिंबूवर्गीय फळाच्या स्वादासाठी प्रसिद्ध ‘आफुरी’मध्ये तसा एक वाडगा असतो.

किंमत आणि प्रतिष्ठा

२०१६ च्या मिशलिन मार्गदर्शिकेत टोकियोच्या सुगामो भागातल्या ‘त्सुता’ला १ तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. तेव्हाचे मालक ओनिशी युकी यांच्या या दुकानात आसने जेमतेम ९ होती. तरी सामान्य गिऱ्हाइकाच्या मनात रामेन स्वस्तच असले पाहिजे. वाडग्याला १,००० येनच्या पुढे दर लावला की लोक पाठ फिरवतात, याला धंद्यात ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. गहू, डुकराचे मांस, गॅस सगळे महागले तरी भिंत हलत नाही, आणि १२-१२ तास हाडे उकळणाऱ्या छोट्या दुकानांना ती सर्वांत जड जाते. त्यातच ३ जुलै २०२४ रोजी जपानने नव्या नोटा काढल्या. जुनी तिकीटयंत्रे त्या ओळखेनात. नवे यंत्र घ्यायचे तर शेकडो वाडग्यांची कमाई त्यात जाणार. म्हणून काही मालकांनी यंत्रावर ‘नव्या नोटा चालत नाहीत’ असा कागद चिकटवला आणि गिऱ्हाइकाची नवी नोट घेऊन जुनी द्यायला पुन्हा गल्ल्यावर माणूस उभा केला.