राष्ट्रीय जल पुरस्कारासाठी अर्ज करायचाय? आधी विहिरीची मापं शोधा

पाण्याचं चांगलं काम केलेली गावं आपल्याकडे कमी नाहीत, पण राष्ट्रीय जल पुरस्काराचा अर्ज भरायला बसलं की बरेच जण अर्ध्यातच सोडून देतात, कारण बंधारा आहे, पाणी आहे, लोक सांगायला तयार आहेत पण कामाच्या आधी काय हाल होते ह्याचा एकही कागद नाही. आमच्या इथं हेच झालं. ओढ्याचं खोलीकरण झालं, दोन सिमेंट बंधारे झाले आणि कोरड्या ओढ्याचा एक फोटो पाहिजे म्हणून चार दिवस सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले, शेवटी एका लग्नाच्या फोटोत मागे तो ओढा दिसला. म्हणून ही माहिती सविस्तर लिहितोय.

पुरस्कार 2018 पासून सुरू आहेत, आत्ता केंद्राचं जलशक्ती मंत्रालय देतं. सहाव्या पुरस्कारांचं वितरण 18 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते झालं आणि त्यात सर्वोत्कृष्ट राज्य म्हणून पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा आला. त्या वेळी देशभरातून 751 अर्ज आले होते आणि विजेते 46. म्हणजे एवढ्या मोठ्या देशातून हजारही अर्ज गेले नाहीत, तेव्हा आपलं कुठं लागतंय असं म्हणून गप्प बसू नका.

अर्ज कोण करू शकतं? राज्य आणि जिल्हा हे गट प्रशासनाचे, ते सोडून द्या. आपल्या कामाचे गट म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका-महानगरपालिका, शाळा किंवा कॉलेज, इतर संस्था, उद्योग, पाणी वापर संस्था (प्रकल्पाचं पाणी मिळून वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था), सामाजिक संस्था, आणि सहाव्या वेळी पाणी क्षेत्रात काम करणाऱ्या एकट्या व्यक्तीसाठीही गट होता. राज्य-जिल्ह्याला ट्रॉफी आणि मानपत्र, बाकीच्यांना त्यासोबत रोख रक्कम, पहिल्याला 2 लाख, दुसऱ्याला दीड लाख, तिसऱ्याला 1 लाख. पाणी वापर संस्थावाल्यांनी तर नक्की विचार करा, 2005 च्या कायद्याखाली आपल्याकडे कितीतरी संस्था झाल्यात आणि पाचव्या पुरस्कारात ह्या गटात पहिला आला तो बुलढाण्याच्या पेनटाकळी प्रकल्पाचा पाणी वापर संस्थांचा संघ.

अर्ज फक्त ऑनलाईन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन. टपालाने किंवा कुणाच्या हातून पाठवलेला चालत नाही. मुदत दर वेळी वेगळी असते, सहाव्या वेळी 31 डिसेंबर 2024 होती, त्यामुळे तारीख पोर्टलवरच बघा, व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या मेसेजवर जाऊ नका. आणि लॉगिन ग्रामपंचायतीच्या नावाने, कायम चालू राहणाऱ्या नंबरवरून करा, गावातल्या एखाद्या पोराच्या मोबाईलवरून केलं आणि तो पुण्याला निघून गेला की ओटीपीसाठी त्याच्या मागं पळावं लागतं.

आता कागदपत्रं. पंचायतीने ग्रामसभेचा ठराव, कामाची प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, एमबीची म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकाची प्रत, पूर्णत्वाचा दाखला, कुठल्या योजनेतून किती पैसे आणि लोकवर्गणी किती, हे सगळं एकत्र स्कॅन करून ठेवावं. संस्थेने नोंदणी प्रमाणपत्र आणि ऑडिट रिपोर्ट. हे कागद मिळतात, थोडे हेलपाटे पडतात पण मिळतात.

खरा जीव आहे तो फरक दाखवण्यात. "पाणीपातळी वाढली" एवढं लिहून काही होत नाही, किती वाढली ते मीटरमध्ये पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणजे जीएसडीए निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावात किंवा शेजारी अशी विहीर असेल तर जिल्हा कार्यालयात पत्र देऊन जुन्या नोंदी मागा. नसेल तर स्वतः सुरू करा, अवघड काही नाही, दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारायची, खाली दगड, कठड्यावर एका ठिकाणी ऑइलपेंटची खूण करायची आणि दर वेळी त्याच खुणेवरून दोरी सोडायची, सकाळी मोटर चालू व्हायच्या आत. दोरी किती ओली झाली ते वजा करून कोरडी किती उरली ते वहीत लिहायचं, तारीख आणि मोजणाऱ्याच्या सहीसकट. फोटोचंही तसंच, जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप घ्या आणि एकाच जागेवरून, तेच झाड फ्रेममध्ये ठेवून ऑक्टोबरमध्ये एक आणि मे मध्ये एक.

सोबत पाण्याचा ताळेबंद जोडा. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. शिवार 1000 हेक्टर आणि पाऊस 600 मिलिमीटर असेल तर 6000 टीसीएम (1 टीसीएम म्हणजे 1000 घनमीटर) पाणी शिवारात पडलं. त्यातलं अडलं किती, पिकांना, माणसांना, जनावरांना लागलं किती हे एका पानावर मांडा. माझ्या मते हे एक पान दहा पानी भाषणापेक्षा भारी आहे, कारण त्यात गावानं पाणी मोजून वापरलं हे दिसतं.

अर्ज गेल्यावर आधी ज्युरी कमिटी छाननी करते, शॉर्टलिस्ट झालेल्यांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय भूमिजल मंडळाकडून होते आणि तो अहवाल बघून विजेते ठरतात. त्यामुळे अर्जात पाच बंधारे लिहिले तर पाचही जागेवर दिसले पाहिजेत, एखादा फुटलेला असेल तर फुटलाय असंच लिहा. तपासणीला टीम येईल तेव्हा विहिरीची मापं घेणारा माणूस वही घेऊन हजर पाहिजे, सरपंच बाहेरगावी असले तरी चालेल पण तो पाहिजेच.