रंगबंधक

रंगद्रव्य धाग्याला घट्ट धरून ठेवण्यासाठी कापड रंगवताना वापरला जाणारा पदार्थ. हा बहुधा धातूचा क्षार असतो. तुरटी सर्वांत जुनी आणि सर्वांत निर्धोक. तिच्याखालोखाल लोहाचे क्षार. कथिल, तांबे व क्रोमियम यांचे क्षार पुढे वापरात आले. रंगाईच्या वर्णनात नेहमी रंगांचीच नावे घेतली जातात, पण वनस्पतिज रंगांच्या बाबतीत कापडाचे रूप ठरवण्यात रंगबंधकाचा वाटा मोठा असतो.

मॅडर वनस्पतीच्या मुळांत ॲलिझरीन हे रंगद्रव्य असते. या मुळांच्या काढ्यात कोरे सुती कापड उकळले, तर मळकट गुलाबी छटा येते आणि ती धुण्यात निघून जाते. तेच कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढले असेल, तर पक्का तांबडा रंग चढतो. तुरटीतील ॲल्युमिनियम एकीकडे धाग्याला व दुसरीकडे ॲलिझरीनला धरतो, आणि तयार होणारे संयुग पाण्यात विरघळत नाही. तुरटीऐवजी लोहाचा सौम्य द्राव घेतला तर जांभळा रंग येतो, तीव्र घेतला तर काळा; दोन्ही मिसळल्यास चॉकलेटी. काढा मात्र तोच.

छपाईची आणि कलमकारीसारख्या चित्रणाची खरी युक्ती यातच आहे. कारागीर ठशाने किंवा कलमाने कापडावर उमटवतो तो रंग नसतो, रंगबंधक असतो. तुरटीचा द्राव जवळजवळ रंगहीन असल्याने त्यात थोडा कच्चा रंग मिसळतात, एरवी हाताखालची रेघ दिसणारच नाही. द्राव पसरू नये म्हणून डिंक किंवा खळ घालतात. नंतर सगळे कापड एकाच कढईत उकळले, की तुरटीच्या जागी लाल आणि लोहाच्या जागी काळा रंग एकाच वेळी उमलून येतो. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने इजिप्तमधील अशी रंगाई नोंदवली आहे. कढईत रंग एकच, तरी कापड अनेक रंगांचे होऊन निघते, याचे त्याला नवल वाटले होते, आणि ते वाटण्यासारखेच आहे.

सगळ्या धाग्यांवर रंगबंधक सारखा बसत नाही. लोकर व रेशीम ही प्रथिने; ती तुरटी सहज घेतात. एक किलो लोकरीला साधारण 100 ते 200 ग्रॅम तुरटी पुरते. जास्त झाली तर लोकर चिकट लागते. सुताला धातूची ओढ कमी, म्हणून ते आधी हिरड्यासारख्या टॅनिनयुक्त (टॅनिन म्हणजे वनस्पतींतील तुरट द्रव्य) फळांच्या पाण्यात भिजवतात. कलमकारीत हिरड्याबरोबर दूधही घालतात. दुधातील स्निग्धांशामुळे द्राव रेघेबाहेर ओघळत नाही. छापलेल्या कापडाला न चिकटलेला रंगबंधक काढण्यासाठी शेणाचे पाणी वापरत. शेणातील फॉस्फेटे सुटा धातू बांधून टाकतात, त्यामुळे तो कोऱ्या जागी जाऊन डाग पाडत नाही.

नीळ या व्यवस्थेबाहेरची आहे. ती पाण्यात विरघळत नाही. आंबवणीच्या पिंपात तिचे विरघळणारे रूप होते आणि कापड हवेत काढताच धाग्याच्या आत पुन्हा निळे होते. तिला रंगबंधक लागत नाही. हळदही सुतावर थेट चढते, मात्र उन्हात टिकत नाही.

1868 मध्ये ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरीन प्रयोगशाळेत बनवले. त्यामुळे मॅडरची शेती बसली, पण रंगबंधकाची गरज राहिलीच, कारण कृत्रिम ॲलिझरीनलाही तुरटी लागतेच. सुती कापडापुरती ती गरज खऱ्या अर्थाने कमी केली 1956 मध्ये बाजारात आलेल्या, धाग्याशी स्वतःच रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांनी. लोकरीसाठी क्रोमियम बराच काळ चालला. त्याचे षट्‌संयुजी क्षार विषारी असल्याने तो टाळणेच योग्य.

लोहाचा दोष उशिरा दिसतो. टॅनिनबरोबर तो सुंदर काळा देतो, पण वर्षानुवर्षे धागा कुजवतो. जुन्या छापील व चितारलेल्या कापडांत लाल फुले शाबूत असतात आणि त्यांच्याभोवतीची काळी रेघ गळून जाऊन तिथे भोके पडलेली असतात.