गुणांचे श्रेणीत रूपांतर (दहावी, महाराष्ट्र राज्य मंडळ)

दहावीच्या परीक्षेतील विषयवार गुणांवरून टक्केवारी काढून विद्यार्थ्याला श्रेणी देण्याची पद्धत. ही परीक्षा घेणारे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्यालय पुण्यात शिवाजीनगरला आहे. राज्यात नऊ विभागीय मंडळे असून पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर हे जिल्हे येतात.

विषय सहा, प्रत्येकी १०० गुणांचे. भाषांना ८० गुण लेखी व २० तोंडी किंवा अंतर्गत. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना ४०-४० गुणांचे दोन पेपर व २० अंतर्गत. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात, पण गणित आणि विज्ञान यांचा एकत्र विचार होतो: दोन्हींत मिळून ७० आणि प्रत्येकी किमान २५. त्यामुळे गणितात ३० आणि विज्ञानात ४१ मिळवणारी मुलगी पास होते. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीला बसता येते.

टक्केवारी मात्र सहा विषयांची नसते. २०१० पासून सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जातात. याला सगळे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’च म्हणतात. त्याच वर्षी हा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. समजा मराठी ८२, संस्कृत ९१, इंग्रजी ७१, गणित ५४, विज्ञान ६३ आणि सामाजिक शास्त्रे ७७. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ४३८, म्हणजे ७३ टक्के. गणित गळले की ५०० पैकी ३८४, म्हणजे ७६.८० टक्के, आणि प्रथम श्रेणीचे प्राविण्य होते. गळणारा विषय गणितच असेल असे नाही; मराठीही गळू शकते. म्हणून गुणपत्रिका हातात आली की टक्केवारीआधी सहाही आकडे वाचावेत, विशेषतः मुलाची शाखा ठरवताना.

श्रेणी चार आहेत. ७५ टक्के व त्यापुढे प्राविण्य, ६० पासून प्रथम, ४५ पासून द्वितीय, ३५ पासून उत्तीर्ण श्रेणी. हे कप्पे फारच रुंद आहेत. साठ टक्केवाला आणि चौऱ्याहत्तरवाला एकाच श्रेणीत बसतात, तर पुण्यातल्या नामवंत महाविद्यालयांचा अकरावीचा कटऑफ दशांशावर अडतो. पाचशेपैकी एक गुण म्हणजे ०.२० टक्का, आणि तेवढ्यावर पसंतीचे कॉलेज हुकते.

खेळ, शास्त्रीय कला व चित्रकला यांचे सवलतीचे गुण यात मिळवले जातात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत अ श्रेणी असल्यास ७, ब असल्यास ५ आणि क असल्यास ३. मूळ ४९३ गुणांना हे ७ जोडले की ५०० पैकी ५०० होतात. शंभर टक्के मिळवणाऱ्यांच्या यादीचे एक कारण हेच.

अंतर्गत गुणांचे वजन किती, हे २०१९ मध्ये उघड झाले. त्या वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० झाला. मुले एका वर्षात बिघडली आणि दुसऱ्या वर्षी सुधारली, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५० आणि दहावीच्या शाळांतर्गत कामाला ५० गुण धरून निकाल ९९.९५ टक्के लागला.

सीबीएसईची श्रेणी वेगळ्या तत्त्वावर चालते. तिथे त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांची क्रमवारी लावून वरच्या एक अष्टमांशाला ए-१, पुढच्या अष्टमांशाला ए-२ देतात. त्यामुळे ९० गुणांची श्रेणी दोन विषयांत वेगळी असू शकते. अकरावीला दोन्ही मंडळांची मुले एकाच गुणवत्ता यादीत येतात, आणि तिथे श्रेणी नव्हे तर गुणच पाहतात.

निकालाबाबत शंका असल्यास गुणपडताळणी करून घेता येते. उत्तरपत्रिकेची छायाप्रत आधी मागवली तर पुनर्मूल्यांकनही मिळते. ३७४ गुणांवर अडलेल्याने, म्हणजे ७४.८० टक्केवाल्याने, हा अर्ज जरूर करावा.