किती जणींपैकी किती?

आलेखाच्या वहीतलं एक पान घ्या आणि त्यावर आडवी 40, उभी 25 घरं मोजून चौकट आखा. आत हजार घरं येतील. प्रत्येक घर म्हणजे एक बाई. कुठलाही त्रास नसलेली, केवळ तपासणी म्हणून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, करून घ्यायला आलेली. यांतल्या 10 जणींना खरोखरच स्तनाचा कर्करोग आहे असं धरू. ती घरं पेन्सिलीने काळी करा. मॅमोग्राफीत या दहांपैकी 9 जणींचा रोग सापडतो. त्या नऊ घरांभोवती लाल गोल काढा. उरल्या 990 निरोगी बायका. त्यांच्यातल्याही साधारण 89 जणींचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येतो. त्यांनाही लाल गोल.

आता गोल मोजा. 98 भरतील, आणि त्यांत काळी घरं फक्त 9. म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेल्या दर दहा-अकरा बायकांमागे एकीलाच कर्करोग आहे. बाकीच्यांची पुढची तपासणी होईल आणि त्या सुटतील.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतले मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी 2006-07 च्या सुमारास हेच गणित 160 जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवलं, पण टक्क्यांत. रोगाचं प्रमाण 1 टक्का, रोग असल्यास सापडण्याची शक्यता 90 टक्के, रोग नसतानाही पॉझिटिव्ह येण्याची शक्यता 9 टक्के. मग पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कर्करोग असण्याची शक्यता किती? चार पर्याय दिले होते. बरोबर उत्तर देणारे शंभरांत 21 निघाले. सगळ्यांनी डोळे मिटून खूण केली असती तरी 25 जणांचं बरोबर आलं असतं. सर्वांत जास्त डॉक्टरांनी 90 टक्क्यांवर बोट ठेवलं. रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या बाईला 'दहांतली एक' ऐकू येणार की 'दहांतल्या नऊ', यावर तिच्या पुढच्या कित्येक रात्रींची झोप अवलंबून असते.

गिगेरेन्झर यांनी मग त्याच डॉक्टरांना टक्के बाजूला ठेवून बायका मोजायला शिकवलं, वर आपण मोजल्या तशाच. बरोबर उत्तरं शंभरांत 87 वर गेली. मला या प्रयोगातली हीच गोष्ट फार मोलाची वाटते. डॉक्टर तेच, आकडे तेच, बदलली ती मांडणी. 90 टक्के हे आजारी बायकांतले आणि 9 टक्के निरोगी बायकांतले, हे टक्क्याकडे नुसतं बघून लक्षात येत नाही. दोन्ही ढीग डोक्यात एकत्र होतात. तेव्हा 'लोकांना आकडे कळत नाहीत' म्हणण्याआधी, आपण ते कळतील असे सांगितले का, हे सांगणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं.

न सांगितल्याने काय होतं ते ब्रिटनमध्ये दिसलं. ऑक्टोबर 1995 मध्ये तिथे इशारा निघाला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे 7000 बायकांत एकीच्या जागी दोघी. पण लोकांपर्यंत पोचला तो 'दुप्पट' हा शब्द. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

हाच प्रश्न चांगल्या बातमीलाही विचारावा. मुंबईत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख बायकांचा 20 वर्षं पाठपुरावा केला. 2021 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका यांतल्या साधारण निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, अशी तपासणी न झालेल्या उरलेल्या निम्म्यांपेक्षा, जवळपास 30 टक्के कमी आढळले. किती जणींपैकी किती? लाखामागे वर्षाला साधारण 35 च्या जागी 25. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण दुसऱ्यात मला दर लाखामागच्या त्या दहा बायका दिसतात, आणि आरोग्यसेविकांच्या हातांचं मोलही.

एक मात्र ध्यानात ठेवा. वहीतलं ते पान काहीही त्रास नसलेल्या बायकांचं आहे. हाताला गाठ लागत असेल तर तिथले आकडे तुमचे नाहीत. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.