लायब्ररीसाठी किंवा वर्गासाठी पुस्तक मागवायचंय? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

लायब्ररीला पुस्तक सुचवता येतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते चिठ्ठीवर नुसतं नाव लिहून देतात आणि महिनोन्महिने वाट बघतात. मी जे अर्ज परत आलेले बघितलेत ते बहुतेक अर्धवट माहितीमुळे परत आलेत, पुस्तकात काही खोट नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

अर्ज कोण करू शकतं? सार्वजनिक लायब्ररीत साधारणपणे मेंबरशिप चालू असलेलं कोणीही, लहान मुलांच्या वतीने पालक. शाळेत शिक्षक करतात, मुलांनी सुचवलेली नावंही त्यांच्यामार्फत जातात. एकाच पुस्तकाच्या वर्गभर प्रती हव्या असतील तर मात्र मुख्याध्यापकांची मंजुरी आणि पटसंख्या जोडावी लागते, कारण तो खर्च मोठा असतो.

फॉर्म भरायच्या आधी त्याच लायब्ररीचा कॅटलॉग बघा, पुस्तक आधीच असेल तर अर्ज तिथेच संपतो. मग आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणारा ओळख नंबर, शोधा, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. २००७ पासून हा नंबर १३ आकडी आहे, ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो, त्याआधीच्या पुस्तकांवर १० आकडी दिसेल. पेपरबॅक, हार्डबाउंड, नवी आवृत्ती, प्रत्येकाचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे चुकीचा टाकलात तर जुनी आवृत्ती किंवा दुप्पट किमतीची प्रत येऊन पडते. वर्ल्डकॅटवर, म्हणजे जगभरातल्या लायब्रऱ्यांच्या एकत्रित ऑनलाइन कॅटलॉगवर, नंबर टाकून बघा, आवृत्ती, वर्ष, प्रकाशक तर कळतोच, शिवाय ते पुस्तक अजून कुठल्या लायब्रऱ्यांकडे आहे तेही दिसतं. बऱ्याच लायब्रऱ्यांनी घेतलेलं असेल तर ते अर्जात जरूर लिहा.

आता 'मागणीचं कारण' हा रकाना. "चांगलं पुस्तक आहे" एवढंच लिहू नका हो! कोणाला लागणार, कुठल्या वयाला, कुठल्या विषयाला, आणि तुमच्याशिवाय अजून कोण ते चांगलं म्हणतंय, हे लिहा. एखाद्या जाणकाराच्या परीक्षणाची प्रत जोडा, विक्रीच्या साइटवरचे स्टार पुरत नाहीत. मुलांच्या पुस्तकांसाठी दोन याद्या मला फार भरवशाच्या वाटतात: म्युनिकच्या इंटरनॅशनल यूथ लायब्ररीची व्हाइट रेव्हन्स, जी दरवर्षी निघते आणि कितीतरी भाषांमधली पुस्तकं घेते, आणि इबी (IBBY) या मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची ऑनर लिस्ट, जी दर दोन वर्षांनी येते आणि लेखन, चित्रं, अनुवाद तिन्ही बघते. अपंग मुलांसाठीच्या पुस्तकांची यादीही इबी काढते, ती फार कमी लोक उघडतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

वर्गासाठी असेल तर वाचनपातळी लिहाच. आणि खरेदीआधी स्टोरीवीव्हर बघा, प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेला हा प्लॅटफॉर्म आहे, गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्समुळे मोफत डाउनलोड करून छापता येतात, म्हणजे तेवढे पैसे विकत घ्याव्याच लागणाऱ्या पुस्तकांना उरतात.

कागदपत्रं फार नसतात. मेंबरशिप नंबर किंवा शाळेचं पत्र, भरलेला फॉर्म, परीक्षणाची प्रत, प्रकाशकाच्या कॅटलॉगमधलं किमतीचं पान, झालं.

पुढे अर्ज निवड समितीकडे जातो. समितीच्या बैठका ठराविक वेळीच होतात, म्हणून बजेट संपत आल्यावर देण्यापेक्षा नवं आर्थिक वर्ष सुरू होताना द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका. एखादं पुस्तक एखाद्या विचाराचं म्हणून नाकारलं असं वाटलं तर लेखी कारण मागा. इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्कोच्या २०२२ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय की संग्रहावर वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक सेन्सॉरशिप नको आणि व्यापारी दबावही नको, त्याचा उल्लेख करून पुनर्विचाराचा अर्ज देता येतो. नकार फक्त पैशामुळे आला असेल तर दुसऱ्या लायब्ररीतून ते पुस्तक मागवून मिळेल का विचारा, त्याचा फॉर्म वेगळा असतो, पण आयएसबीएन तोच टाकायचा.